नकाशावरचे अंतर आणि घड्याळातला वेळ



आज आपण विमानाच्या प्रवासाविषयी बोलणार आहोत. काही मंडळी म्हणतील, "आम्ही दुधनीची माणसं. आमचा संबंध तुरीशी, अडतीशी आणि फार तर रेल्वेशी. विमानाचं आम्हांला काय?" पण नकाशा काढून बघा. दुधनीच्या वायव्येला सोलापूरचा विमानतळ आहे आणि पूर्वेला कलबुर्गीचा. सरळ रेषेत मोजले तर दोन्ही आपल्यापासून पंचावन-साठ किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे आपले गाव दोन विमानतळांच्या जवळजवळ मधोमध बसले आहे. तेव्हा हा विषय आपल्या अंगणातलाच म्हणायचा.

समजा, दुधनीतल्या एका घरी थोरल्या भावाला मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात दाखवायला न्यायचे ठरले आहे. धाकटा भाऊ हिशेब करतो आहे. पुतण्या मोबाइल पुढे करून म्हणतो, "काका, विमानानं एक तास. रेल्वेनं साडेसहा तास. यात इचार कसला करायचा?" काका म्हणतात, "अरे, रेल्वेच्या तिकिटावर सोलापूर ते मुंबई चारशे पंचावन्न किलोमीटर लिहिलंय. तुझा फोन तीनशे साठ सांगतो. मुंबई काय रातोरात जवळ सरकली का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन्ही आकडे खरे आहेत. आणि "एक तास" हा आकडाही खोटा नाही. पण त्या एका तासाचा अर्थ नीट कळला नाही, तर आजारी माणसाला घेऊन निघालेले घर फसते. म्हणून आज आपण तीन गोष्टी पाहू. विमानाचे अंतर मोजतात कसे, त्या अंतराला वेळ किती लागतो, आणि घराच्या उंबऱ्यापासून मुक्कामापर्यंतचा खरा वेळ किती.

प्रथम अंतर. पृथ्वीचा घेर सुमारे चाळीस हजार किलोमीटर. वर्तुळाचे अंश ३६०. भागाकार केला की एका अंशाला साधारण १११ किलोमीटर येतात. उत्तर-दक्षिण जाताना एक अक्षांश ओलांडला की आपण १११ किलोमीटर गेलो, मग ते कन्याकुमारीजवळ असो की काश्मिरात. वैमानिक आणि खलाशी याच अंशाचे साठ भाग करतात. एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. तासाला एक सागरी मैल या वेगाला नॉट म्हणतात.

पूर्व-पश्चिम अंतराची गोष्ट मात्र निराळी. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, मोसंबीच्या फोडी देठाशी जुळतात तशा. म्हणून विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किलोमीटरांचा असला, तरी आपल्या सोलापूर-दुधनीकडे तो सुमारे १०६ किलोमीटरांचा असतो. वर लेहला गेलात तर ९२ किलोमीटर आणि साठ अक्षांशावर तर निम्मा, म्हणजे साडेपंचावन्न किलोमीटर.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी फळ्यावर मांडावे असे गणित सांगतो. सोलापूरचा विमानतळ १७.६३ उत्तर अक्षांश आणि ७५.९३ पूर्व रेखांशावर आहे. मुंबईचा १९.०९ उत्तर आणि ७२.८७ पूर्व. अक्षांशांतला फरक १.४६. त्याला १११ ने गुणले की १६२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ३.०६. सोलापूर आणि मुंबई यांच्या मधल्या अक्षांशावर रेखांशाचा अंश साडेएकशेपाच किलोमीटरांचा धरला, तर ३२३ किलोमीटर. आता हे दोन आकडे काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू समजा. दोघांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. उत्तर येते सुमारे ३६१. पुतण्याच्या मोबाइलने सांगितलेला आकडा हाच. त्यात जादू काही नाही, सातवी-आठवीच्या पोराला येईल असा पायथागोरसचा सिद्धान्त आहे.

मग रेल्वेचे ४५५ कुठून आले? सोलापूरहून निघालेली गाडी कुर्डुवाडी, दौंड करीत पुण्याला जाते, खंडाळ्याचा बोरघाट वळणे घेत उतरते आणि मग मुंबई गाठते. सोलापूर स्टेशन ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे सरळ अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या थोडे पुढे आहे. म्हणजे रुळांनी शंभर किलोमीटरांचा वळसा घातला. याउलट आपल्या दुधनीवरून जाणारा सोलापूर ते कलबुर्गीचा लोहमार्ग घ्या. सोलापूरच्या पुढे रायचूरपर्यंतचा हा रस्ता १८७१ साली पुरा झाला. सोलापूर ते कलबुर्गी रुळांवरचे अंतर सुमारे ११३ किलोमीटर आणि सरळ रेषेतले सुमारे १०६. फरक फक्त सात किलोमीटरांचा! कारण उघड आहे. आपला मुलूख सपाट काळ्या मातीचा, वाटेत घाट नाही. तेव्हा हे ध्यानात ठेवा: विमान जे अंतर वाचवते ते डोंगर आणि वळसे यांचे. जिथे जमीन सपाट आणि रूळ सरळ, तिथे विमानाला वाचवायला फारसे काही उरत नाही.

हे अधिक ठळकपणे पाहायचे तर आपल्या देशाच्या उत्तर टोकाला जाऊ. श्रीनगर आणि लेह. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी जवान तिकडे नोकरी करून आले आहेत, त्यांना विचारा. श्रीनगरचा विमानतळ ३३.९९ उत्तर, ७४.७७ पूर्व, लेहचा ३४.१४ उत्तर, ७७.५५ पूर्व. मघाचेच गणित करा, फक्त रेखांशाचा अंश ९२ किलोमीटरांचा धरा. उत्तर येते सुमारे २५६ किलोमीटर. चुकून आपल्याकडचे १०६ धरले तर २९५ येतील, म्हणजे चाळीस किलोमीटरांची चूक! विद्यार्थ्यांकडून दोन्ही गणिते करून घ्या. रेखांश आकसतो म्हणजे काय, हे पाठ न करता कळेल.

आता तिथला रस्ता बघा. श्रीनगर ते लेह रस्त्याने सुमारे ४२० किलोमीटर, तोही साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीतून. ही खिंड पूर्वी हिवाळ्यात चार-चार, पाच-पाच महिने बर्फाने बंद राहायची. त्या दिवसांत लेहच्या माणसाला विमान ही चैन नव्हती, तोच रस्ता होता. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर पहिले डकोटा विमान उतरवले. बरोबर मेजर जनरल थिमय्या होते. ती धावपट्टी सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याच्या देखरेखीखाली तिथल्या लोकांनी तयार केली होती. लडाखवर चाल करून येणाऱ्या टोळ्यांच्या हाती लेह पडू नये, म्हणून सैनिक आणि दारूगोळा तिथे लवकर पोचवणे जरूर होते. अंतर अडीचशे किलोमीटरांचे, पण त्या एका उड्डाणावर लेहचे भवितव्य टांगलेले होते.

आणखी उत्तरेला गेले की गंमत वाढते. साठ अक्षांशावरची दोन गावे घ्या, एक पृथ्वीच्या या बाजूला आणि दुसरे बरोबर उलट बाजूला. त्याच अक्षांशावरून, नकाशावरच्या आडव्या रेषेने गेलात तर १८० अंश गुणिले साडेपंचावन्न, म्हणजे सुमारे दहा हजार किलोमीटर. पण ध्रुवावरून गेलात तर तीस अंश वर आणि तीस अंश खाली, एकूण साठ अंश. साठ गुणिले १११ म्हणजे ६,६६० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर जो रस्ता वाकडा दिसतो, तोच गोलावर सर्वांत जवळचा ठरतो. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा, दोरा आपोआप तो रस्ता दाखवतो. पृथ्वीगोल नसेल तर कलिंगड चालेल. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला विमान आणले ते उत्तर ध्रुवावरून. कारण दोरा तसेच सांगत होता.

अंतर झाले. आता वेळ. पुतण्याच्या मनातला हिशेब असा असतो: विमान ताशी आठशे किलोमीटर जाते, अंतर ३६०, म्हणजे सत्तावीस मिनिटे. मग वेळापत्रकात तासाभराच्या वर का लिहितात? विमान कंपनी वेळ खाते का?

नाही. त्याची कारणे आहेत. विमान जागच्या जागी आठशेचा वेग घेत नाही. दरवाजा बंद झाल्यावर ते धावपट्टीच्या टोकापर्यंत गाडीसारखे सावकाश जाते. उडाल्यावर वर चढताना वेग कमी असतो. दहा हजार फुटांच्या खाली सर्वसाधारणपणे २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरांच्या आत राहावे लागते. उतरतानाही तेच. छोट्या पल्ल्यात चढण आणि उतरण यांतच बराचसा रस्ता संपतो. ऐन वेगात उडायला मिळतात थोडीच मिनिटे. शिवाय विमान आकाशातही आखलेल्या वाटांनी जाते आणि धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेने वळसा घेऊन उतरते. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी रांग लागते, बाजार समितीच्या फाटकावर तुरीच्या गाड्यांची लागते तशी. फरक एवढाच की विमानाला जागेवर थांबता येत नाही, ते घिरट्या घालीत थांबते.

त्यात वारा. भीमेच्या पात्रात नाव घातलेल्या माणसाला हे सांगायला नको. प्रवाहाबरोबर नाव लवकर जाते, उलट दिशेला उशीर होतो. समजा, ४०० किलोमीटरांचा पल्ला आहे, विमानाचा वेग ताशी ५००, आणि समोरून ५० चा वारा. जाताना वेग ४५० पडला, वेळ लागला ५३ मिनिटे. येताना तोच वारा पाठीशी, वेग ५५०, वेळ ४४ मिनिटे. कुणी म्हणेल, जाताना गेले ते येताना मिळाले, हिशेब फिटला. पण बेरीज करा: ५३ आणि ४४ म्हणजे ९७ मिनिटे. वारा नसता तर ९६ लागली असती. एक मिनिट तोट्यातच! कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून नुकसान जास्त वेळ चालते. मुलांना हे गणित घाला, घटकाभर वाद घालतील.

उतरण्याचा विषय निघाला म्हणून सोलापूरच्या चिमणीची गोष्ट सांगितली पाहिजे. विमान धावपट्टीकडे साधारण तीन अंशांच्या उताराने येते. म्हणजे धावपट्टीपासून एक किलोमीटर दूर असताना ते जमिनीपासून बावन्न-त्रेपन्न मीटर उंच असते, दोन किलोमीटरांवर शंभर-सव्वाशेच्या मधे. या उताराच्या खालीही बरीच जागा मोकळी ठेवावी लागते. ढग, पाऊस, इंजिनातला बिघाड, सगळ्याचा विचार करून ती ठरवलेली असते. सोलापुरात श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानांच्या या वाटेत येते, असा मुद्दा निघाला. वाद पुष्कळ वर्षे चालला. एका बाजूला विमानसेवा हवी असणारे लोक, दुसऱ्या बाजूला त्या कारखान्याला ऊस घालणारे शेतकरी. शेवटी १५ जून २०२३ रोजी ती चिमणी पाडण्यात आली. कुणाचे बरोबर नि कुणाचे चूक, हा आजचा विषय नाही. पण विमानाच्या एका तासासाठी जमिनीवरच्या माणसांना काय काय मोजावे लागते, हे मात्र त्यातून दिसले. पुढे ९ जून २०२५ रोजी सोलापूर ते गोवा आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सोलापूर ते मुंबई अशी विमाने सुरू झाली. त्याआधी, २२ नोव्हेंबर २०१९ रोजी, कलबुर्गीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले होते.

आता परत त्या काका-पुतण्याकडे येऊ. दोघे गुरुजींकडे गेले आहेत असे समजा. गुरुजी पाटी घेतात आणि म्हणतात, "अण्णा, विमानाचा तास बाजूला ठेवा. आपल्या घराच्या कडीपासून मोजू या."

दुधनीहून अक्कलकोटमार्गे सोलापूरचा विमानतळ, रस्त्याने थांबतथांबत दोन तास. विमानतळावर लवकर पोचावे लागते, झडती आणि सामान यांसाठी दीड तास धरा. दरवाजा बंद झाल्यापासून उघडेपर्यंत सव्वा तास. मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. तिथून परळपर्यंत, मुंबईची वाहतूक ध्यानी घेता, एक तास. बेरीज सव्वासहा तास.

आता रेल्वे. दुधनीहून सोलापूर स्टेशन दोन तास. गाडी चुकू नये म्हणून अर्धा तास आधी. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेल्या वंदे भारत गाडीने मुंबई साधारण साडेसहा तास. दादरला उतरून परळ अर्धा तास. बेरीज साडेनऊ तास.

"बघा," गुरुजी म्हणतात, "फोनवर फरक दिसत होता साडेपाच तासांचा. पाटीवर उरला सव्वातीन तासांचा. दुधनी ते मुंबई सरळ अंतर धरा चारशे वीस किलोमीटर. त्याला सव्वासहा तासांनी भागलं, तर ताशी सदुसष्ट. ताशी आठशेचं विमान घरापासून मोजलं की ताशी सदुसष्टाचं होतं!"

पुतण्या म्हणतो, "म्हणजे विमान नकोच म्हणता, गुरुजी?"

"तसं नव्हे रे बाळा. सव्वातीन तास म्हणजे थोडं नाही. दुखणाईत माणसाला साडेसहा तास बसवत नसेल, तर ते सव्वातीन तास मोलाचे आहेत. पण आणखी चार प्रश्न विचार. आपल्याला पाहिजे त्या दिवशी विमान आहे का? नसेल, तर दोन दिवस वाट पाहण्यात सगळी बचत गेली. रात्रीच्या गाडीनं झोपून जाता येतं, दिवस मोडत नाही, ते चालेल का? तिकिटाच्या पैशांत जो फरक आहे, त्यात मुंबईतला किती दिवसांचा मुक्काम निघेल? आणि चौथा, सगळ्यांत मोठा. डॉक्टरांनी विमानात बसायला परवानगी दिली आहे का?"

हा चौथा प्रश्न फार लोक विचारीत नाहीत, म्हणून त्यावर थोडे थांबू. विमानाच्या आत हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा ठेवत नाहीत. उंच डोंगरावर, साधारण अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर जेवढा असतो, तेवढ्यापर्यंत तो खाली येऊ शकतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. पण फुप्फुसाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्याला, अंगात रक्त कमी असलेल्याला, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्याला त्रास होऊ शकतो. अशा रोग्यासाठी विमान कंपनी डॉक्टरांचा दाखला मागते. झोपवून न्यायचे असेल किंवा प्राणवायू लागणार असेल, तर आधी कळवून सोय करून घ्यावी लागते. ऐनवेळी विमानतळावर जाऊन सांगितले, तर माघारी यावे लागेल.

आणि एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. छातीत कळ आली, अपघात झाला, माणूस बेशुद्ध पडला, तर मुंबईचा आणि विमानाचा विचार करीत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि अक्कलकोट किंवा सोलापूरचे जवळचे रुग्णालय गाठा. तिथे मोजायचे असते ते मिनिटांत, आणि जवळ असेल तोच दवाखाना त्या वेळी चांगला.

तर श्रोतेहो, आजच्या बोलण्याचे सार असे. अंतर तीन प्रकारचे असते: सरळ रेषेचे, रस्त्याचे किंवा रुळांचे, आणि घरापासून मुक्कामापर्यंतचे. पहिले नकाशा सांगतो, दुसरे तिकीट सांगते, तिसरे आपले आपल्यालाच मोजावे लागते. श्रीनगर ते लेहसारख्या ठिकाणी, जिथे डोंगर आडवे आणि रस्ता बर्फात, तिथे पहिले अंतरच माणसाचे आयुष्य ठरवते. आपल्यासारख्या सपाट मुलखात मात्र तिसरे अंतर महत्त्वाचे. दुधनी ते विमानतळ हा रस्ता चांगला झाला, तिथे जाणारी गाडी वेळेवर मिळाली, तर जो वेळ वाचेल तो विमानाचा वेग वाढवून वाचणार नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. या आठवड्यात वर्गात प्रत्येक मुलाला आपल्या घरापासून एखाद्या नातेवाइकाच्या गावापर्यंतची ही तिन्ही अंतरे काढायला सांगा. पुण्याचा मामा, हैदराबादची आत्या, नाहीतर लेहला पहाऱ्यावर असलेला भाऊ. गणित, भूगोल आणि घरचा व्यवहार हे तीन विषय एकाच पाटीवर येतील.

काकांनी शेवटी काय ठरवले? गुरुजींच्या पाटीवरचे आकडे त्यांनी वहीत उतरवून घेतले. आधी डॉक्टरांना विचारायचे, मग विमानाचा वार बघायचा, आणि दोन्ही जुळले नाहीत तर रात्रीच्या गाडीची खालची बर्थ राखून ठेवायची. पुतण्याने मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "काका, मी डॉक्टरांकडं जाऊन येतो."